केळीच्या पट्ट्यात दहा गुंठे स्ट्रॉबेरी: जमेल, पण थंडीच्या हिशेबात

प्रश्न थोडक्यात असा: रावेर तालुक्यात केळी निघाल्यावर दहा गुंठे रान मोकळं आहे, विहीर आणि ठिबक आहे. स्ट्रॉबेरी लावली तर येईल का, रोपं कोणती आणि कधी आणावीत, आणि फळ दुसऱ्याच दिवशी मऊ पडतं म्हणतात, तर ते टिकवायचं कसं?

येते, भाऊ. सातपुड्यात अक्कलकुव्याच्या डाब परिसरात आदिवासी शेतकरी स्ट्रॉबेरी घेतातच. तोरणमाळचं पठार सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, तिथली हवाही तिला मानवते. अडचण आहे ती मैदानाची. महाबळेश्वर १३७० मीटरवर आणि तुमचं रान तापीकाठी जेमतेम अडीचशे मीटरवर. तिकडे हंगाम नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. आपल्याकडे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत, म्हणजे धरून चाला पंचाहत्तर दिवस. नंतर दुपार पस्तिशीकडे सरकते, फळ बारीक, आंबट आणि मऊ निघायला लागतं, आणि मार्चमध्ये पीक आवरतं घ्यावं लागतं. मार्च-एप्रिलची तोडणी गृहीत धरून जो कोणी तुम्हाला उत्पन्नाचा कागद करून देईल, तो कागद बाजूला ठेवा.

लागवडीआधी विक्रीचं गणित मांडा. दहा गुंठे म्हणजे साधारण १०१० चौरस मीटर. मधल्या वाटेसकट चार फुटी गादीवाफे, वाफ्यावर दोन ओळी, रोपारोपात एक फूट, असं धरलं की कडेच्या वाटा सोडून पाच हजार रोपं बसतात. मैदानात झाडामागे २०० ते २५० ग्रॅम विकाऊ फळ धरावं, जास्त धरू नये. म्हणजे एक ते सव्वा टन. २०० ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डबीत भरलं तर पाच-सहा हजार पनेट, पंचाहत्तर दिवसांत. रोजची सरासरी सत्तर-ऐंशी, आणि जानेवारीच्या बहारात याच्या दुप्पटही. रावेर, सावदा, फैजपूर, भुसावळ मिळून एवढा माल त्याच दिवशी खपवता येणार असेल तरच दहा गुंठे लावा. नाहीतर पहिल्या वर्षी चार-पाच गुंठे पुरेत. या पिकात पैसे बुडतात ते बहुधा शेतात नाही, न खपलेल्या पेटीत.

आता पाणी. रोपांची ऑर्डर देण्याआधी विहिरीचं पाणी तपासून घ्या. पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, धुळे-नंदुरबारकडच्यांनी आपापल्या केंद्रात. अहवालात दोनच आकडे आधी बघायचे: ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, आणि बायकार्बोनेट. स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत. पाण्याची ईसी ०.८ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर निर्धास्त, १ पर्यंत सांभाळून जमतं, १.५ च्या वर असेल तर हा विचारच सोडा. केळी ज्या पाण्यावर डौलात उभी राहते, त्याच पाण्यावर स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. मग तो रोग समजून बुरशीनाशकं मारली जातात आणि करपा तसाच राहतो, कारण तो क्षारांचा असतो.

बायकार्बोनेट जास्त असलं की लोह अडकतं. आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. या पिकाला हवा साडेपाच ते साडेसहा. जमिनीचा सामू दहा गुंठ्यांपुरताही कायमचा बदलत नाही, तो नाद करू नका. मुळाशी येणारं पाणी तेवढं सुधारा. २० लिटर पाण्याची बादली घ्या, त्यात फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने टाकत, ढवळत, सामूची पट्टी ६.२ च्या आसपास दाखवेपर्यंत जा. जेवढे मिलिलिटर लागले त्यावरून टाकीचा हिशेब करा. आम्ल नेहमी पाण्यात टाकायचं, आम्लात पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. आणि या पाण्यात कॅल्शियम नायट्रेट मिसळायचं नाही, खाली पांढरा साका बसतो आणि ड्रीपर बुजतात.

एवढं करूनही कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. आपल्या जमिनीत ठिबकमधून दिलेलं साधं फेरस सल्फेट वाया जातं, ईडीटीएचं चिलेट (बांधून ठेवलेलं) लोहही या सामूला फारसं टिकत नाही. ठिबकमधून ईडीडीएचए या चिलेट स्वरूपातलंच द्या, दहा गुंठ्यांना एका वेळी १५० ते २०० ग्रॅम, पंधरा दिवसांनी पुन्हा. महाग आहे, पण इथे काटकसर अंगाशी येते. ईडीटीए फवारणीपुरतं ठेवा, लिटरला अर्धा ग्रॅम.

केळीनंतरचं रान म्हटलं की मुळांना लागणारे सूत्रकृमी आलेच. आधी वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा किंवा कापूस असेल तर मर रोगाचा धोका आणखी. पण इथे खान्देशचा उन्हाळा कामी येतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ वर असताना रान नांगरून, ढेकळं फोडून, भरपूर ओलवून घ्या आणि पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीत दाबून टाका. चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक चालत नाही, ते स्वतः तापतं आणि माती कमी तापते. ओल नसेल तरीही उपयोग नाही, कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही. महाबळेश्वरच्या शेतकऱ्याला असं ऊन मिळत नाही. आपल्याला फुकट मिळतं ते वापरून घ्या.

सप्टेंबरच्या शेवटी, वाफसा आल्यावर गादीवाफे पाडा. पायथ्याशी ९० सेंटिमीटर, माथ्यावर ६०, उंची ३०. काळ्या जमिनीत उंची कमी ठेवलीत तर एका अवकाळी पावसात मुळं गुदमरतात. दहा गुंठ्यांना दोन टन पूर्ण कुजलेलं शेणखत, ५० किलो निंबोळी पेंड, ७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. शेणखत अर्धकच्चं असेल तर न टाकलेलं बरं, कारण हुमणी आणि क्षार दोन्ही त्यातूनच येतात.

केळीच्या नळ्या इथे चालवू नका. केळीला ड्रीपर लांब लांब असतात, इथे रोपं फुटा-फुटावर. दोन ड्रीपरच्या मधलं रोप उपाशी राहतं. १६ एमएमची इनलाइन, ३० सेंटिमीटरवर ड्रीपर, ताशी दोन लिटर, प्रत्येक वाफ्यावर दोन ओळींच्या मध्ये एक नळी. दहा गुंठ्यांत असे २८०० च्या आसपास ड्रीपर होतात, म्हणजे तासाला साडेपाच हजार लिटर. डिसेंबर-जानेवारीत पिकाची गरज दिवसाला अडीच ते तीन हजार लिटर. म्हणजे अर्धा तास पुरतो, तोही दोन वेळांत विभागून. केळीच्या सवयीने दोन-दोन तास पाणी सोडणं हे इथल्या स्ट्रॉबेरीचं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

वाफे कुठे पाडता हेही बघा. शेजारी केळी उभी असेल तर उत्तरेच्या गार वाऱ्याला आडोसा होतो, ते चांगलंच. पण डिसेंबरात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कलतो, भर दुपारीही पंचेचाळीस अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे दहा फुटी केळीची सावली दुपारी बारालासुद्धा उत्तरेकडे दहा फूट पडते. स्ट्रॉबेरी केळीच्या उत्तरेला असेल तर मध्ये निदान बारा-पंधरा फूट सोडा.

रोपं. लवकर येणाऱ्या जाती घ्या: विंटर डॉन, स्वीट चार्ली, नाभिला. कॅमारोसाचं फळ घट्ट आणि लांबच्या वाहतुकीला चांगलं, पण ती उशिरा बहरते, आणि आपल्याकडे उशीर परवडत नाही. या जाती लहान दिवसांत कळी धरतात. हिवाळ्यात आपला दिवस अकरा तासांच्या आत येतो, त्यामुळे दिवसाची अडचण नाही. पण थंडी उशिरा पडली की कळीही उशिरा धरते. वाई-महाबळेश्वर भागातून रोपं मागवताना मोकळ्या मुळांची स्वस्त मिळतील, ती घेऊ नका. पिशवीतली किंवा ट्रेमधली घ्या. पाचशे किलोमीटर टेम्पोत येऊन ऑक्टोबरच्या उन्हात उतरायचंय त्यांना. गाडी रात्रीचीच लावा, ताडपत्रीखाली हवा खेळती ठेवा, आणि नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, पाच टक्के रोपं जास्तीची आणा. सप्टेंबरमध्ये मिळतात म्हणून सप्टेंबरमध्ये लावू नका. १५ ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही आपली वेळ, आणि दिवसातली वेळ दुपारी चारनंतर.

लावताना एकाच गोष्टीकडे डोळ्यात तेल घालून पाहायचं: रोपाचा गाभा. पानांचे देठ जिथून फुटतात तो जाडसर भाग मातीच्या बरोबर पातळीला आला पाहिजे. अर्धा इंच खाली गेला तर वरून माती येऊन गाभा कुजतो. अर्धा इंच वर राहिला तर वरची मुळं उघडी पडून वाळतात. मजूर रोप दाबून बसवतात आणि गाभा खाली जातो, म्हणून लावणीनंतर पाणी देऊन माती बसली की प्रत्येक ओळ पुन्हा फिरून पाहायची, बुडालेली रोपं बोटाने उचलायची. मूळ लांब असेल तर खड्ड्यात दुमडू नका, कात्रीने चार इंचांवर छाटा. लावण्याआधी मुळं ट्रायकोडर्माच्या पाण्यात, लिटरला १० ग्रॅम, दहा मिनिटं बुडवली की पुरे. त्याच पाण्यात बुरशीनाशक घालू नका, ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे.

पुढचे पंधरा दिवस ठरवतात की पीक आहे की नाही. ठिबक एकट्याने रोप जगत नाही, कारण नवी मुळं फुटेपर्यंत पान पाणी गमावत असतं. सूक्ष्म तुषार लावा आणि अकरा ते चार या वेळात चार-पाच वेळा, प्रत्येकी पाच मिनिटं चालवा. त्यावर पन्नास टक्क्यांची शेडनेट, कमरेच्या उंचीवर. नवं पान उलगडताना दिसलं की तुषार कमी करत आणा, आणि वीस दिवसांनी शेडनेट काढाच. राहू दिली तर झाड पसरतं पण फुलत नाही.

मल्चिंग पेपर २५ किंवा ३० मायक्रॉनचा, चंदेरी बाजू वर. बरेच जण पेपर आधी अंथरून छिद्रात लावणी करतात. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या पेपरला कोवळं पान टेकलं की भाजतं. आपल्याकडे आधी लावणी, तीन आठवड्यांनी पेपर, हा क्रम बरा. मजुरी थोडी वाढते. पेपर नको असेल तर गव्हाचं काड दोन इंच जाड पसरा. फळ मातीला टेकता कामा नये, एवढाच मुद्दा.

लावणीनंतर महिनाभर येणारी फुलं खुडून टाका. पाच-सहा धड पानं नसताना फळ धरलं तर झाड तिथेच खुरटतं. धावते फुटवेही दिसले की काढायचे. खत हलक्या हाताने: दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र:स्फुरद:पालाश) एक किलो आणि १२:६१:०० अर्धा किलो. फुलं धरल्यापासून आठवड्याला १३:००:४५ दोन किलो आणि वेगळ्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट दोन किलो, हे दोन-तीन हप्त्यांत वाटून. पोटॅशसाठी केळीचं पांढरं म्युरेट ऑफ पोटॅश इथे घालू नका. त्यातल्या क्लोराइडने पान करपतं. खताची टाकी केळीची असेल तर आधी स्वच्छ धुऊन घ्या. नत्र जास्त झालं तर पानं मोठी, गडद आणि लुसलुशीत होतात, फळ फिकट पांढुरकं राहतं, चवीला पाणचट लागतं आणि पेटीत पहिलं तेच सडतं.

फळं वेडीवाकडी येत असतील तर सगळा दोष बोरॉनवर टाकला जातो. बोरॉन कमी असू शकतं, पण आधी मधमाश्या बघा. आपण खातो तो लाल भाग म्हणजे फुगलेला फुलाचा तळ, आणि खरी फळं म्हणजे त्यावरचे ते पिवळे दाणे. ज्या दाण्याचं परागीभवन झालं त्याच्याभोवतीच गर भरतो. एका बाजूचे दाणे बारीक, जवळजवळ चिकटलेले आणि तिथेच खड्डा, असं दिसलं की परागीभवन अर्धवट झालेलं आहे. दहा गुंठ्यांना एक मधपेटी पुरते. फुलोऱ्यात कीटकनाशक मारायचंच असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर.

फुलाचा मधला भाग काळा पडलेला दिसला तर तो थंडीचा मार. मैदानात क्वचित होतं, पण डाब-वालंब्याकडे जानेवारीत दव गोठतं. तिकडच्यांनी रात्री १७-२० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) क्रॉप कव्हर झाकावं आणि सकाळी काढावं.

किडींमध्ये खान्देशात दोनच खरे वैरी: फुलकिडे आणि लाल कोळी. शेजारचा कापूस उपटला की फुलकिडे इकडे येतात, फळावर तांबूस खरखरीतपणा येतो. जानेवारी संपता संपता हवा कोरडी-उष्ण झाली की कोळी. पानामागे बारीक जाळी आणि वरून पान तांबूस. पानांच्या मागच्या बाजूला फवारा पोचला नाही तर कोणतंही औषध उपयोगाचं नाही. गंधक भुरी आणि कोळी दोन्हींवर चालतं, लिटरला दोन ग्रॅम, पण ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर मारू नका. हे फळ साल न काढता खाल्लं जातं आणि तोडणी दिवसाआड असते, म्हणून औषधाचा काढणीपूर्व काळ लेबलवर वाचल्याशिवाय काहीही मारू नका. जानेवारीत अवकाळी पाऊस किंवा दाट धुकं आलं तर करड्या बुरशीची भीती. तेव्हा सगळ्यात चांगलं औषध म्हणजे सडकं फळ आणि वाळकी पानं त्याच दिवशी वेचून शेताबाहेर पुरणं.

आता तोडणी आणि टिकवण. स्ट्रॉबेरी केळीसारखी पिकत घालता येत नाही. तोडल्यावर रंग गडद होतो, गोडी वाढत नाही. भुसावळ-जळगावात त्याच दिवशी विकायची असेल तर पूर्ण लाल तोडा; फळ उलटं करून टोपीखालचा (देठाजवळच्या हिरव्या पानांखालचा) पांढरा खांदा लाल झालाय का ते बघायचं. दुसऱ्या दिवसाच्या बाजारासाठी ऐंशी टक्के लाल. सकाळी दव ओसरल्यावर, ऊन तापायच्या आत, नऊपर्यंत तोडणी उरका. फळ ओढू नका. देठ नखाने अर्ध्या इंचावर चिमटा, टोपी राहू द्या. तोडतानाच थेट पनेटमध्ये भरा. बादलीत तोडून मग निवडलं की प्रत्येक फळ दोनदा दाबलं जातं. फेब्रुवारीत रोज तोडा, एक दिवस चुकला तर फळ गेलं.

शेतातली उष्णता जितक्या लवकर निघेल तितकं फळ टिकतं. शून्य ते एक अंशाला, नव्वद टक्क्यांवर आर्द्रता असली तर पाच ते सात दिवस. उघड्या पेटीत वीस-पंचवीस अंशांना दीड दिवस. शीतगृह नसेल तर विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष सावलीत बांधा. आपली हवा कोरडी असल्यामुळे तो इथे कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो. बाहेर ३० असताना आत २० च्या आसपास येतं. सकाळचा माल संध्याकाळच्या विक्रीपर्यंत नीट राहतो, त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. नंदुरबार-शहाद्याकडच्यांना सुरत जवळ आहे, पण माल रात्रीच हलवावा. पहिला तोडा सारंगखेड्याच्या यात्रेच्या सुमारास येतो, तिथे तो सहज खपतो. फ्रीजमधून काढलेलं फळ गाडीवर उघडं मांडू नका. गरम हवेत त्याला घाम फुटतो आणि तासाभरात ते मऊ पडतं.

गिऱ्हाइकालाही दोन वाक्यं सांगत जा, म्हणजे ते परत येईल. फळ घरी नेल्यावर धुवायचं नाही. बुरशी आलेलं एखादं असेल तर काढून टाकायचं, बाकीची कागद अंथरलेल्या डब्यात एकाच थरात, झाकण किंचित उघडं ठेवून फ्रीजमध्ये. खायच्या वेळी टोपीसकट धुवायची, मग टोपी काढायची. आधी टोपी काढली तर आत पाणी शिरून चव उतरते. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली की वास खुलतो.

उरलेल्या आणि वेड्यावाकड्या फळाचं काय? धुऊन, पुसून, टोप्या काढून ताटात सुटी सुटी गोठवा, चार तासांनी पिशवीत भरा. वजा अठरा अंशांना आठ-दहा महिने राहतात, पण लाइट जाऊन एकदा विरघळल्या की पुन्हा गोठवू नका, त्यांचा सरळ जॅम लावा. किलोभर फळाला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, म्हणून लिंबाशिवाय जॅम धरत नाही. एक पिकत आलेला पेरू किसून टाकला तर आणखी चांगला धरतो. साखर घालून दोन तास मुरू द्या, मग जाड बुडाच्या पातेल्यात मोठ्या आचेवर, थोडा थोडा करून शिजवा. एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त घेतलं तर वेळ लागतो आणि रंग काळपट होतो. गार बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढा, रेघ मिटली नाही की उतरवा. मिल्कशेकसाठी फळ थोड्या साखरेत पाच मिनिटं शिजवून, पूर्ण गार करून, मग थंड दुधात घाला. कच्चं आंबट फळ कोमट दुधात गेलं की दूध फाटतं. फेब्रुवारीच्या शेवटची आंबट, बारीक फळं मात्र मीठ आणि लाल तिखट लावून पेरूसारखी खावी, त्यांना दुसरं काही शोभत नाही.